ऐकणाऱ्याने खुर्ची सोडू नये

साहित्य आणि चित्रपट यांचा परस्परसंबंध पदवीच्या वर्गाला शिकवताना दर वर्षी एक अडचण येते. उदाहरण म्हणून निवडलेले चित्रपट बहुधा एखाद्या नामवंत कादंबरीवर वा नाटकावर बेतलेले असतात, आणि मग सगळी चर्चा ‘मूळ कृतीत हे असे नव्हते’ या एकाच मुद्द्याभोवती फिरत राहते. आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय पेणला, दुसऱ्याचे रोह्याला. येणेजाणे पनवेलहून, त्यामुळे अध्यापनाविषयीची आमची बहुतेक खलबते दिवा-रोहा गाडीतच होतात. अशाच एका प्रवासात आम्ही ठरवले, की ज्याला साहित्यिक प्रतिष्ठा मुळीच नाही असा एखादा प्रकार या वेळी वर्गात न्यावा. निवड झाली ती थरारपटातल्या एका लहानशा उपप्रकाराची. संकटात सापडलेली व्यक्ती फोन करते. नियंत्रण कक्षात बसलेला एक अनोळखी माणूस तो उचलतो. आणि त्या दोघांमधल्या आवाजाच्या तारेवर सगळी कथा तोललेली असते.

या प्रकारातले तीन चित्रपट आम्ही पाहिले: ब्रॅड अँडरसन यांचा अमेरिकन ‘द कॉल’ (२०१३), गुस्ताव्ह म्योलर यांचा डॅनिश ‘द गिल्टी’ (२०१८) आणि रेन्सिल डिसिल्व्हा यांचा, मुंबईत घडणारा हिंदी ‘डायल १००’ (२०२१). पुढील विवेचनात तिन्हींच्या कथांचा उलगडा होणार असल्याने ज्यांना रहस्य राखून ठेवायचे असेल त्यांनी आधी चित्रपट पाहावेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: या चित्रपटांचे बळ ऐकण्यात आहे. ज्याचे काम ऐकण्याचे, तो जोवर खुर्चीत बसून ऐकतो तोवर चित्रपट आपल्याला धरून ठेवतो. तो उठून धावू लागला की कथा सैल पडते. तरीही बहुतेक पटकथाकारांना त्याला उठवल्यावाचून राहवत नाही. हे का घडते, याचा विचार साहित्याच्या विद्यार्थ्याने करण्याजोगा आहे.

प्रथम या कामाच्या जन्मकथेकडे पाहू. लंडनमधील विंपोल स्ट्रीटवर नोव्हेंबर १९३५ मध्ये एका घराला आग लागली व पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजारच्या गृहस्थांनी अग्निशामक दलाला कळवण्यासाठी फोन उचलला, परंतु टेलिफोन एक्स्चेंजने त्यांना इतरांप्रमाणेच रांगेत ठेवले. त्यांनी संतापून ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वर पहिला फोन झाला तो १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या छोट्या गावातून. म्हणजे ही व्यवस्था निर्माण झाली ती वेळेवर न ऐकल्या गेलेल्या एका आवाजापोटी. हा मूळचा अपराधभाव या प्रकारच्या कथांमध्ये आजही वावरताना दिसतो.

कथाप्रकार म्हणूनही याचे मूळ पडद्यावर नाही, नभोवाणीवर आहे. ल्यूसिल फ्लेचर यांची ‘सॉरी, राँग नंबर’ ही श्रुतिका अमेरिकन रेडिओवर १९४३ साली प्रसारित झाली. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री फोन लावते. तारा एकमेकींत गुंततात आणि दोन अनोळखी पुरुष त्या रात्री व्हायच्या खुनाविषयी बोलत असल्याचे तिच्या कानी पडते. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते, पण तिचा चिडका, आर्जवी, अधीर स्वर कोणी मनावर घेत नाही. बेत तिच्याच खुनाचा होता, हे श्रोत्याला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. या श्रुतिकेतला प्रश्न साधा आहे. सांगणारी व्यक्ती आवडण्याजोगी नसली, तिचे बोलणे सुसंगत नसले, तर तिचे ऐकायचे की नाही? आमच्या मते नंतरच्या सर्व ‘फोनपटां’ना याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

‘द कॉल’मध्ये लॉस एंजेलिसच्या ९११ केंद्रातील जॉर्डन टर्नर (हॅली बेरी) हिला आरंभीच एका मुलीचा फोन येतो. घरात कोणी घुसले आहे. जॉर्डन तिला लपायला लावते, ती सुटणार असे वाटत असतानाच फोन तुटतो, आणि जॉर्डन स्वाभाविक काळजीने तोच क्रमांक पुन्हा लावते. त्या घंटीने मुलीची लपण्याची जागा उघड होते. पुढे तिचे प्रेत सापडते. हा प्रसंग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. इथे ऐकणारा निष्क्रिय नाही. त्याने कधी बोलावे आणि कधी गप्प राहावे, यावर समोरच्याचा जीव अवलंबून आहे. मौनालाही कृतीचे मोल असते हे आपण कवितेच्या तासाला सांगतो. या प्रसंगात ते विद्यार्थ्याला स्पष्टीकरणावाचून कळते.

सहा महिन्यांनी, प्रत्यक्ष फोन घेणे सोडून प्रशिक्षक झालेल्या जॉर्डनला दुसरी मुलगी भेटते. मॉलच्या वाहनतळातून पळवलेली केसी मोटारीच्या डिकीत कोंडलेली आहे. तिच्याजवळचा फोन वापरून टाकून देण्याच्या जातीचा असल्यामुळे नेमके ठिकाण कळत नाही. मग जॉर्डन तिला आजूबाजूला काय आहे ते पाहायला लावते. मागचा दिवा लाथेने फोड, त्या भोकातून हात बाहेर काढून हलव, डिकीत रंगाचे डबे आहेत तर रंग रस्त्यावर सांड. कोंडलेल्या मुलीला तिच्याच परिसराचे वाचन शिकवणे असे या भागाचे स्वरूप आहे आणि तो उत्कृष्ट उतरला आहे. एक स्त्री दुसरीला धीर देते तो शब्दांनी, पण त्या धीराला हातांचे काम जोडून देते.

आणि मग अखेरचा भाग येतो. ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकताना जॉर्डनला पार्श्वभूमीला एक खणखण ऐकू येते. इथवरही ऐकणेच आहे. परंतु त्या खणखणीचा माग काढत ती स्वतः एकटी तिथे जाते, ध्वजस्तंभाजवळचे भुयार शोधते, खाली उतरते, झुंजते, मुलीला सोडवते. आणि अखेरीस दोघी मिळून त्या नराधमाला पोलिसांच्या हवाली न करता भुयारातच जखडून मरायला सोडतात. टाळ्या पडतात हे खरे. पण ज्या बाईचे सगळे सामर्थ्य दुरून ऐकण्यात होते तिला शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत हजारदा पाहिलेली सूडनायिका करून टाकले आहे. चित्रपटाला आपल्याच शोधावर विश्वास उरला नाही, असे म्हणावे लागते.

‘थरारपटाला शेवटी हाणामारी लागतेच,’ असा आक्षेप वर्गात आला. त्याचे उत्तर ‘द गिल्टी’ने आधीच देऊन ठेवले आहे. सुमारे पंचाऐंशी मिनिटांचा हा चित्रपट कोपनहेगनच्या संकटसेवा केंद्रातल्या दोन लगतच्या खोल्यांत घडतो. आसगर होल्म (याकोब सेदरग्रेन) या पोलिसाला चौकशी चालू असताना फोनच्या कामावर बसवले आहे. ईबन नावाच्या स्त्रीचा फोन येतो. ती लहान मुलीशी बोलावे तसे बोलते. आसगर ओळखतो, की शेजारी कोणी बसले आहे आणि तिला उघड बोलता येत नाही. मग हो-नाहीच्या प्रश्नांतून तो माहिती काढतो: गाडी पांढरी, चालवणारा तिचा नवरा, घरी दोन लहान मुले. पडद्यावर आपल्याला दिसतो तो फक्त ऐकणारा चेहरा. पाऊस, काचेवरचे वायपर, रस्त्याचा आवाज, मुलीचे रडणे हे सगळे कानांनी येते आणि चित्रे आपण जुळवतो.

चित्रे आपण जुळवतो, आणि तिथेच फसतो. आसगरने पहिल्या दोन मिनिटांत एक कथा मनाशी बांधली आहे: नवरा हिंसक, बायको बळी, मुले धोक्यात. त्याला मिळालेली प्रत्येक माहिती तो त्या कथेत बसवतो. घरी एकट्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तो धाकट्या भावाजवळ जाऊन बसायला सांगतो. ईबनला नवऱ्याच्या डोक्यात वीट घालायला सांगतो. मग कळते, की मनोविकाराच्या भरात तान्ह्या मुलाला ईबननेच मारले आहे, आपण काय केले याची तिला जाणीवही नाही, आणि नवरा तिला रुग्णालयात घेऊन निघाला आहे. आसगरने दिलेला प्रत्येक सल्ला सद्हेतूने दिलेला होता आणि प्रत्येकाने अनर्थ वाढवला. शेवटी पुलावर उभ्या असलेल्या ईबनला परत आणताना त्याच्या हाताशी पोलिसी अधिकार उरत नाही. स्वतःचा अपराध, एका तरुणाला गोळी घालून मारल्याचा, तो तिच्यापाशी आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांदेखत कबूल करतो. ऐकणारा तिथे पहिल्यांदा स्वतःचे खरे बोलतो. खुर्ची मात्र सोडत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला वाचनाचा याहून कठोर धडा कोणता देता येईल? संहिता अपुरी असते, रिकाम्या जागा वाचक भरतो, हे आपण सिद्धान्त म्हणून शिकवतो. त्या जागा आपण आपल्या पूर्वग्रहांनीच भरत असतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हे मात्र क्वचितच जाणवून देतो. या चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती २०२१ साली जेक जिलेनहाल याला घेऊन निघाली. तिच्यात तणाव आहे, पण चेहऱ्यावरचा क्षोभ इतका वाढवला आहे, की प्रेक्षकाला स्वतः ऐकायला उसंत मिळत नाही.

आता आपल्या घराजवळच्या चित्रपटाकडे वळू. ‘डायल १००’मध्ये मुंबईतील पावसाळी रात्र आहे, पोलिस नियंत्रण कक्ष आहे, आणि तिथे निखिल सूद (मनोज बाजपेयी) फोन घेतो आहे. एका स्त्रीचा फोन येतो. ती जीव द्यायच्या गोष्टी करते आहे. ही सीमा पालव (नीना गुप्ता). तिच्या तरुण मुलाला एका श्रीमंताच्या मुलाच्या गाडीने चिरडले आहे. हा आरंभ दमदार आहे. मनोज बाजपेयी यांचा थकलेला, सरावलेला आणि तरी सभ्य स्वर ऐकताना वाटते, की आता हा माणूस रात्रभर एका अनोळखी आईचे दुःख ऐकणार. पण तसे होत नाही. निखिलचा स्वतःचा मुलगा त्या श्रीमंत मुलाच्या संगतीत अडकलेला निघतो. सीमा निखिलच्या पत्नीला (साक्षी तंवर) ओलीस धरते. आणि उत्तरार्धात त्यालाही कक्षाबाहेर पडावे लागते. अनोळखी आवाजाशी बांधलेला माणूस पाहता पाहता स्वतःच्या कुटुंबासाठी धावणारा बाप होतो.

ही पटकथेची सोय आहे हे आम्हांला कळते. पण या सोयीने नेमके काय गमावले? बापाने मुलासाठी, नवऱ्याने बायकोसाठी जीव पणाला लावणे यात नैतिक प्रश्न उरतच नाही. ते कोणीही करील. नियंत्रण कक्षातल्या माणसाचे मोठेपण हे, की ज्याचे नाव, जात, गाव त्याला ठाऊक नाही अशा व्यक्तीसाठी तो तितक्याच तन्मयतेने ऐकतो, आणि फोन संपताच पुढचा उचलतो. आणखी एक बाब मराठी वाचकाच्या लक्षात येईल. पालव हे आडनाव कोकणातले. मुलगा गमावलेली ही आई त्या रात्री मुंबईच्या पोलिसांशी कोणत्या भाषेत बोलली असती? हिंदी चित्रपटाने ती हिंदीत बोलावी यात गैर काही नाही. पण दुःखाच्या परिसीमेला माणसाची भाषा कशी बदलते, अनोळखी अधिकाऱ्याशी बोलताना तो प्रमाण भाषेकडे कसा सरकतो आणि मध्येच घरच्या बोलीत कसा कोसळतो, हे सगळे नाट्य ज्या कथेत हाताशी होते त्या कथेने ते पाहिलेच नाही.

आता आमचा मूळ प्रश्न. ऐकणाऱ्याला खुर्चीत बसू देणे आपल्याला का जमत नाही? आम्हांला वाटते, आपल्या नाट्यपरंपरेने बोलणाऱ्याला भरभरून दिले, ऐकणाऱ्याला फारसे दिले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाच्या अखेरीस बेणारेबाई जे दीर्घ स्वगत बोलते ते रंगमंचावरील एकही पात्र ऐकत नाही. सारी गोठलेली असतात. ऐकतो तो केवळ प्रेक्षक, आणि त्याला तर काहीच करता येत नाही. त्या प्रसंगाची भेदकता यातच आहे. परंतु ‘समोरच्यांपैकी एखाद्याने ऐकले असते तर?’ हा प्रश्न पुढच्या किती नाटककारांनी हाती घेतला? स्वगतांची आपली परंपरा समृद्ध आहे. श्रवणाचे नाटक मात्र आपण फारसे लिहिले नाही.

याउलट आपल्या जुन्या वाङ्मयाला ऐकण्याचे मोल पक्के ठाऊक होते. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधान. अवधान म्हणजे नुसते कान देणे नव्हे. आपले सगळे चित्त दुसऱ्याच्या शब्दापाशी आणून ठेवणे. गीतेची चौकटही दुरून ऐकण्याचीच आहे. रणांगण दूर, राजा आंधळा, आणि संजय जे पाहतो ते सांगतो. धृतराष्ट्राच्या पहिल्याच प्रश्नात ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ अशी विभागणी होऊन बसली आहे. त्याला कान आहेत, अवधान नाही. कारण त्याचे ऐकणे आप्तांपुरते आहे. ‘डायल १००’ची पटकथा आपल्या नायकाला धृतराष्ट्राच्या आसनावर नेऊन बसवते, अशी आमची तक्रार आहे. आसगरचा दोष निराळा. त्याला परक्याची काळजी आहे, पण ऐकण्याआधीच निकाल लावण्याची घाई आहे. अवधानाला दोन्ही वर्ज्य.

हे सारे विवेचन पडद्यापुरते राहिले असते, तर आम्ही ते गाडीतच संपवले असते. पण पेण-रोह्यात शिकवणाऱ्याला हा विषय परका नाही. महाराष्ट्रात पोलिस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी आता ११२ हा एकच क्रमांक आहे. रायगडातल्या एखाद्या पाड्यावरून तो लावला, की आवाज आधी नवी मुंबईतील महापे किंवा नागपूर येथील केंद्रात जातो, तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येते, आणि मग गाडी निघते. रुग्णवाहिकेची १०८ ही सेवा २०१४ साली सुरू झाली. तिचे फोन पुण्यात घेतले जातात. तंत्रज्ञान बरेच काही सांगते, पण मोबाइलच्या मनोऱ्यावरून डोंगरकपारीतले नेमके घर दर वेळी कळतेच असे नाही. शेवटी प्रश्न विचारावाच लागतो: ‘तुम्ही कुठून बोलताय?’

आणि इथेच आपल्या जिल्ह्याचा भूगोल भाषेचा प्रश्न होऊन समोर येतो. रायगडात ठाकूरवाड्या किती, कातकरवाड्या किती, नुसत्या ‘आदिवासी वाडी’ एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या किती! तोच प्रकार बुद्रुक आणि खुर्दांचा. बोलणारा आगरी, कोळी किंवा कातकरी बोलीत बोलतो. ऐकणारा विदर्भातला असू शकतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्यांना पावसात, अंधारात डोंगर चढून जावे लागले. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदवून शोध थांबवण्यात आला. त्याआधी २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली तेव्हा महापुराने रस्तेच बंद होते. आवाज आणि मदत यांच्यामधले अंतर म्हणजे काय, हे इथल्या विद्यार्थ्याला चित्रपटाने शिकवावे लागत नाही.

म्हणून ‘द गिल्टी’ची पहिली वीस मिनिटे आम्ही दोन्ही महाविद्यालयांत पडदा झाकून ऐकवली. संवाद डॅनिश असल्याने आमच्यापैकी एक जण मराठीत ओळी वाचत होता, मागे मूळ आवाज चालू. त्यानंतर मुलांना एक लहान लेखन दिले: ‘तुम्ही घरी एकटे आहात, फोनवर अनोळखी माणूस आहे, आणि घराचा पत्ता सांगायला एकच मिनिट आहे. काय सांगाल?’

आलेले कागद वाचताना आम्ही चकित झालो. ज्यांना निबंधात दोन परिच्छेद जुळवता येत नाहीत अशा मुलांनी विलक्षण नेमके लिहिले होते. कोणी हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यामागून येणारी वाट सांगितली आणि ‘दारात न रंगवलेल्या मूर्ती आहेत’ अशी खूण दिली. कोणी खारेपाटातला बांध सांगितला आणि ‘भरती असेल तर पुढून येऊ नका’ अशी सूचना जोडली. धाटावच्या एका मुलाने घर सांगितले ते कंपनीच्या भोंग्यावरून: ‘भोंगा डाव्या कानाला मोठा ऐकू आला की थांबा.’ पिनकोड फक्त तिघांनी लिहिला होता. पत्ता सांगणे ही त्यांच्या दृष्टीने गोष्ट सांगणे होते. पण ती ऐकणाऱ्याच्या सोयीने रचलेली गोष्ट होती. निवेदनशास्त्राचा हा धडा आम्ही वर्षानुवर्षे पुस्तकातून शिकवत आलो आहोत आणि तो कधीच इतका सहज पोचला नव्हता.

एका कागदापाशी मात्र आम्ही थबकलो. त्या विद्यार्थिनीने पत्ता लिहिलाच नव्हता. तिने मैत्रिणीशी बोलावे तसे लिहिले होते: ‘अगं, उद्या नोट्स घेऊन येशील ना? पिठाच्या गिरणीवरून सरळ ये. हिरवं दार. नाही गं, आत्ताच आलेत. हो, घरीच आहेत. उद्या नको, आजच आण.’

एवढेच. हा कागद गाडीत आम्ही एकमेकांना तीनदा वाचून दाखवला. एक म्हणाला, ईबनवरून सुचलेले दिसते. आताच तर ऐकवले आहे. अनुकरण म्हणून उत्तम आहे. दुसरा म्हणाला, ‘उद्या नको, आजच आण’ हे ईबनचे नाही. बराच वेळ आम्ही गप्प होतो. वाचक म्हणून आम्ही त्या कागदात जास्त वाचत होतो, की शिक्षक म्हणून कमी? आसगरसारखी पहिल्या दोन मिनिटांत कथा रचून मोकळे व्हावे, की ‘सॉरी, राँग नंबर’मधल्या ऑपरेटरसारखे ‘बरे आहे’ म्हणून पुढचा कागद घ्यावा? आणि उतावीळपणे विचारायला गेलो तर ती जॉर्डनने वाजवलेली दुसरी घंटी तर ठरणार नाही?

शेवटी आम्ही काही दिवस जाऊ दिले, आणि इतर तिघाचौघींबरोबर तिलाही लेखनाविषयी बोलायला बोलावले. लिहिलेले चांगले आहे हे सांगितले. ती हसून म्हणाली, ‘सर, सिनेमातलंच घेतलंय.’ आम्ही तिचा शब्द मानला. सर्वांनाच सांगितले, की कधी काही बोलायचे असेल तर अमुक बाईंकडे केव्हाही जा, कारण सांगावे लागणार नाही. ती बाहेर गेली. तिने खरे सांगितले असेल. बहुधा तसेच असेल. त्यापलीकडे जाऊन तिच्या आयुष्याची पटकथा लिहिण्याचा अधिकार आम्हांला नाही. आणि तो कागद विसरून जाण्याचाही नाही. त्यावर गुण किती द्यायचे हे मात्र आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

खुर्चीत बसून ऐकणे म्हणजे काय, हे आम्हांला चित्रपटांपेक्षा त्या कागदाने अधिक शिकवले. त्यात धावून जाण्याचे समाधान नाही. शेवट आपल्या हाती नाही. आपण बरोबर ऐकले की नाही याची खात्रीही नाही. नियंत्रण कक्षातल्या माणसाला एका रात्रीत असे कितीतरी फोन येतात आणि फोन ठेवल्यावर पुढे काय झाले हे बहुतेकदा त्याला कळत नाही. कलाकृतीने धरावे असे नाट्य आमच्या मते हे आहे, आणि ते पेलायला धैर्य लागते.

तेव्हा आमची अपेक्षा अशी. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी आपली मुले दर वर्षी एकांकिका बसवतात. त्यांत आक्रोश पुष्कळ असतो, स्वगते पुष्कळ असतात. एखाद्या महाविद्यालयाने एकदा महापेच्या खुर्चीतल्या मराठी माणसाला रंगमंचाच्या मध्यभागी बसवावे. रात्रपाळी. कानाला हेडफोन. पलीकडे कुठलीशी ठाकूरवाडी, कुठलीशी बोली, आणि नीट उमगत नसलेला आवाज. तो त्याच्या नात्यातला कोणी नसावा. आणि अखेरपर्यंत त्याला उठू देऊ नये.

अध्यापक मित्रांना एवढेच सुचवतो, की पत्ता सांगण्याचे ते लेखन आपापल्या वर्गात करून पाहावे. आम्ही पुढच्या वर्षीही पडदा झाकूनच आरंभ करणार आहोत.